परसातील वाफा आणि गृहस्थाची अहिंसा

गृहस्थाश्रमात राहून धर्माने वागू इच्छिणाऱ्या मनुष्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते बहुधा लहान रूप घेऊन येतात. लहान म्हणून तो त्यांची उपेक्षा करतो. आणि पुढे तोच प्रश्न मोठा होऊन दारात आला म्हणजे त्याची मती गोंधळते. अशाच एका लहान प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. घरच्या परसात प्रथमच भाजीचा वाफा करणाऱ्या गृहस्थाने त्या भाजीवर येणाऱ्या किडींशी कसे वागावे, हा तो प्रश्न होय.

उदाहरणादाखल इंदूर येथे राहणाऱ्या एका नोकरदार गृहस्थाची गोष्ट घ्यावी. घराणे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. घरात नित्य देवपूजा, सायंकाळी गीतेच्या एका अध्यायाचे वाचन. दसरा झाल्यावर त्याने परसातील माळव्याची काळी माती खणून, तीत शेणखत मिसळून, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असा एक वाफा केला. मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली. एका बाजूस टोमॅटोची सहा व वांग्याची चार रोपे लावली. महिन्याच्या आत मेथीची पहिली जुडी निघाली, ती वृद्ध आईने देवापुढे ठेवली, आणि त्या दिवशी घरातील मुलांनीदेखील न सांगता भाजी खाल्ली. सर्वांस आनंद झाला.

पौषात टोमॅटोला फळे धरली आणि त्यांबरोबर अळीही आली. पाच फळांतील दोन पोखरलेली निघू लागली. तो रोज सकाळी अळ्या वेचून पायाखाली चिरडू लागला. शेजाऱ्याने औषधाची एक बाटली आणून दिली. तो दिवस दशमीचा होता. बाटली हातात घेऊन तो बराच वेळ वाफ्याशी उभा राहिला आणि घरात येऊन म्हणाला, "आई, हा वाफा मी मोडून टाकतो. आपल्या घरात कधी मुंगीसुद्धा कोणी जाणूनबुजून मारली नाही, आणि मी रोज स्नानाच्या आधी हे करतो आहे. उद्या एकादशीचा उपवास कोणत्या तोंडाने करू? मंडईतून भाजी आणू, ती बरी."

आई म्हणाली, "अरे, मंडईतली भाजी काय किड्यांना विचारून पिकते?" आणि ती आपल्या कामाला लागली.

वृद्धेचे हे वाक्य साधे आहे, पण त्यात प्रश्नाचे मर्म आले आहे. मंडईत टोपलीत मांडलेले वांगे स्वच्छ दिसते, कारण त्याच्यासाठी जे मारले गेले ते घेणाऱ्याच्या दृष्टीआड मारले गेले. कोणा शेतकऱ्याने नांगर धरला, कोणी फवारणी केली, कोणी उंदरांची बिळे बुजवली. घेणारा केवळ पैसे देतो आणि आपले हात स्वच्छ आहेत असे मानतो. मनूने पाचव्या अध्यायात मांसाचा विचार करताना मारणाऱ्याबरोबर अनुमती देणारा, विकत घेणारा, शिजवणारा आणि खाणारा यांनाही दोषाचे वाटेकरी ठरविले आहे. तो न्याय भाजीला जसाच्या तसा लावणे युक्त होणार नाही; परंतु मोल देऊन कृत्य दुसऱ्याच्या हातून करविले म्हणजे त्याच्याशी आपला संबंध तुटतो, ही समजूत शास्त्राला मान्य नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. वाफा मोडल्याने त्या गृहस्थाच्या ताटातील हिंसा कमी होणार नव्हती. ती केवळ त्याच्या डोळ्यांआड गेली असती.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाचे आख्यान आहे. तपाचा अभिमान धरणारा कौशिक नावाचा ब्राह्मण मिथिलेत मांसविक्रय करणाऱ्या एका व्याधाकडे धर्म ऐकण्यास जातो. तो व्याध त्यास सांगतो की, कृषीला लोक उत्तम मानतात, पण नांगराच्या फाळाखाली भूमीतील असंख्य जीव मरतात; ज्याला आपण धान्याचे बी म्हणतो तेही सजीवच आहे; चालताना, बसताना, निजतानाही प्राणी चिरडले जातात. ज्यांनी अहिंसेचे व्रत घेतले आहे अशा यतींच्या हातूनही हिंसा घडते. मात्र त्यांच्या प्रयत्नामुळे ती अल्प होते. या आख्यानातील शेवटचा विचार फार महत्त्वाचा आहे. देहधाऱ्याला हिंसेचा संपूर्ण अभाव साध्य नाही. प्रयत्नाने तिचा संकोच मात्र साध्य आहे.

येथे कोणी म्हणेल, हिंसा अटळच असेल तर मर्यादा तरी कशाला पाळावी? शेजाऱ्याची बाटली ओतावी आणि मोकळे व्हावे. हा आक्षेप वरवर पाहता तर्कशुद्ध वाटतो, पण तसा तो नाही. दिव्यावर पतंग पडतात म्हणून कोणी पतंग जाळण्यासाठी दिवे लावीत नाही. जे टाळता येत नाही आणि जे आळसाने अथवा रागाने टाळले जात नाही, या दोहोंत अंतर आहे. आणि गृहस्थाचा सर्व धर्म त्या अंतरातच आचरावयाचा असतो. स्मृतिकारांनी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही घरातील पाच हिंसास्थाने सांगितली. ती सांगून चूल पेटवू नका असे म्हटले नाही. किंवा जीव मरावयाचेच, चिंता करू नका, असेही म्हटले नाही. त्यांनी पंचमहायज्ञ सांगितले. जो घेतो त्याने द्यावे, आणि ज्यांच्यापासून घेतले त्यांनाही द्यावे, असा त्या विधानाचा आशय आहे. परसातील वाफा हे सहावे हिंसास्थान मानावे, म्हणजे त्याला तोच नियम लागू होतो.

त्या गृहस्थाला वाफा मोडावासा वाटला, यालाही गीतेच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग. दुःखदायक म्हणून, शरीराला क्लेश होतात म्हणून टाकणे हा राजस त्याग, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. आपल्या हातून मरणारी अळी पाहवत नाही म्हणून वाफा सोडावा आणि तीच भाजी दुसऱ्याच्या वाफ्यातून आणावी, यात करुणेचा अंश असेलही. पण मुख्यतः तो स्वतःला क्लेशदायक दृश्यापासून वाचविण्याचा यत्न आहे. अर्जुनाचे रण कोठे आणि बत्तीस चौरस फुटांचा वाफा कोठे! तथापि मोहाचे स्वरूप दोन्ही ठिकाणी सारखे आहे. अरणचे संत सावता माळी, ज्यांनी इ. स. १२९५ मध्ये समाधी घेतली, त्यांनी विठ्ठलभक्तीसाठी मळा सोडला नाही. मळ्यातच विठ्ठल पाहिला. ज्याच्या हाती जन्मभर खुरपे होते त्याला मातीतील जीव दिसले नसतील, असे कोण म्हणेल?

तर मग आरंभ कसा करावा? याचे उत्तर त्याच अध्यायात, जरा अनपेक्षित स्थळी सापडते. तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंत म्हणतात की, अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींकडे न पाहता केवळ मोहाने ज्याचा आरंभ होतो, ते कर्म तामस होय. यावरून उलट अर्थ सहज निघतो. जो कोणी नवे कर्म आरंभतो, मग ते राज्य असो की भाजीचा वाफा असो, त्याने या चार गोष्टी आधी पाहाव्यात.

पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य. हे कर्म मी शेवटास नेऊ शकेन काय, असा विचार करणे हा अर्थ आचार्य शंकरांनी भाष्यात दिला आहे. नवशिका येथेच चुकतो. उत्साहाच्या भरात तो सगळे परस खणतो, दहा प्रकारचे बी आणतो, आणि दोन महिन्यांनी तेथे गवत माजते. चार फूट रुंदीचा वाफा एवढ्यासाठी बरा की, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि आत पाय ठेवून माती तुडवावी लागत नाही. दिवसाकाठी सहा तास ऊन जेथे पडते तीच जागा निवडावी. प्रारंभी मेथी, पालक, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या घ्याव्यात. त्या महिना-दीड महिन्यात हाती येतात आणि चूक झाली तर लौकर कळते. वांगी, टोमॅटो, मिरची यांची आधी रोपे करावी लागतात, ती चार-पाच आठवड्यांची झाली की लावावी लागतात, आणि पुढे कित्येक महिने राखावी लागतात. ती दुसऱ्या हंगामासाठी ठेवणे शहाणपणाचे. ज्याला परस नाही त्याने गच्चीवर चार कुंड्या ठेवाव्यात. सामर्थ्य ओळखून केलेला लहान आरंभ हा मोठ्या संकल्पाहून श्रेष्ठ असतो.

क्षय म्हणजे कर्म करताना होणारी शक्तीची व धनाची हानी. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पडावे. फार खोल गेलेले बी वर येताना संपून जाते. धने हलके रगडून त्यांचे दोन भाग करून पेरावेत. मातीत बोट एक पेर खोल घालून ओल पाहावी आणि मगच पाणी द्यावे. नवशिक्याची रोपे पुष्कळदा तहानेपेक्षा अति पाण्यानेच कुजून मरतात. खतासाठी पैसा खर्च करण्याचे कारण नाही. इंदूर शहराचे नाव ज्या खतपद्धतीला जगभर मिळाले, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तेथील कृषिसंशोधन संस्थेत सिद्ध केली. काडीकचरा, शेण आणि थोडी माती व राख यांचे थर रचून, ते ओलसर ठेवून, मधून मधून उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करावयाचे, अशी ती रीत आहे. घरची भाजीची देठे, साली आणि वाळलेली पाने यांचेही तसेच होते. भूमीपासून जे घेतले ते भूमीला परत देणे, हा तिचा गाभा. तिसऱ्या अध्यायात सांगितलेले यज्ञचक्र परसाच्या कोपऱ्यात फिरताना पाहावयाचे असेल तर ते येथे दिसते.

अनुबंध म्हणजे कर्माच्या मागून येणारे परिणाम. वाफा केला म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेले जीव वाढले. सुटीत गावाला जाताना त्यांना पाणी कोण घालील, हे आधी ठरवावे लागते. कण्वाच्या आश्रमातील शकुंतला झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः पाणी पीत नसे, असे कालिदासाने म्हटले आहे, ते याच संबंधाचे वर्णन होय. परंतु अनुबंधाचा याहून सूक्ष्म अर्थ विषाच्या प्रसंगी कळतो. पावसाळ्यात कुंपणावर चढविलेल्या दुध्या भोपळ्याची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. त्या वेलावर नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी असतात. मादीफुलाखाली बारीक फळ दिसते, पण एका फुलाचा पराग दुसऱ्यावर पोहोचल्याखेरीज ते फळ धरीत नाही. हे काम रात्री पुष्कळ वेळा पतंग करतात. आणि पतंग म्हणजे कोण? काल पाने खाणारी अळीच आज पतंग झालेली असते. कडीपत्त्यावर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवी होणारी अळी काही दिवसांनी काळे-पिवळे फुलपाखरू होऊन उडते. खाणारा आणि देणारा हे दोन प्राणी नव्हेत. एकाच जीवाच्या त्या दोन अवस्था आहेत. मावा खाणारा, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडाही शत्रू आणि मित्र यांत भेद न करणाऱ्या त्याच फवाऱ्याखाली मरतो. आपल्या बोलण्यात त्या बाटलीला 'औषध' म्हणण्याची चाल पडली आहे. वस्तुतः ते विष आहे, आणि विषाला औषध म्हणू लागल्यावर अनुबंध पाहण्याची बुद्धी मंद होते.

आता हिंसा. ती अल्प कशी होईल याची एक पायरीपायरीची रीत गृहस्थाने बांधून घ्यावी. पहिली पायरी, जे सोसता येते ते सोसावे. कडीपत्त्याची दहा पाने गेली तर झाड पुन्हा फुटते. तेथे हात लावू नये. दुसरी, वाटा काढून ठेवावा. कोथिंबिरीची दोन-चार रोपे न खुडता फुलू द्यावीत. त्या बारीक फुलांवर मधमाशा आणि किडींवर जगणारे कीटक येतात. टोमॅटोजवळ झेंडू लावावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग त्यावर अंडी घालणे पसंत करतो आणि फळावरचा भार हलका होतो. तिसरी, जन्म होण्याआधी आवरावे. सकाळी पानाची मागची बाजू पाहून अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान खुडावे. वांग्याचा मलूल झालेला शेंडा अळीसह कापून दूर करावा. चौथी, निंबोळीचा अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून सायंकाळी फवारावी, म्हणजे उन्हाने तिचा गुण जात नाही आणि मधमाशांनाही त्रास कमी होतो. मात्र ही अहिंसा आहे अशा भ्रमात राहू नये. या अर्काने किडीची खाण्याची इच्छा मंदावते, तिला नीट कात टाकता येत नाही, आणि तीही मरते. याच्याही पलीकडे हाताने मारण्याचा प्रसंग आला तर तो क्रोधावाचून, डोळे उघडे ठेवून आणि आवश्यक तेवढाच करावा. आपल्या ज्येष्ठाची कमाई लुटणाऱ्या चोराला मारावे तशा त्वेषाने अळीला मारणारा मनुष्य वाफ्यापेक्षा स्वतःच्या चित्ताची अधिक नासाडी करतो.

अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतकरी आणि पिकांवरील किडी या दोघांना आपले गुरू मानले होते. कीड आली म्हणजे माती, पाणी, बी अथवा हंगाम यांत कोठेतरी आपले चुकले आहे, असे ते समजत आणि चूक शोधीत. साधकाने ही वृत्ती उचलण्यासारखी आहे. दोष बाहेर शोधून त्याचा संहार करणे सोपे असते. तो आपल्या करण्यात शोधणे कठीण, पण त्यानेच कर्म शुद्ध होत जाते.

येथवर आल्यावर एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. वाफा सफल झाला म्हणजे 'मी पिकविले' असा अभिमान येतो, आणि मंडईत भाजी विकून पोट भरणाऱ्या माणसाकडे तुच्छतेने पाहण्याची बुद्धी होते. हे सर्वथा अनुचित आहे. आपला वाफा गेला तर एक कालवण कमी होते. त्याचा गेला तर घरातील चूल थंडावते. म्हणून त्याच्या हातून घडणाऱ्या हिंसेचा न्यायनिवाडा परसातील गृहस्थाने करू नये. उलट बत्तीस चौरस फूट जागा राखताना आपली काय अवस्था होते हे अनुभवून, ज्याला एकरच्या एकर राखावे लागतात त्याच्याशी भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करताना जीभ थोडी आवरली, तर वाफ्याचे ते एक मोठे फळ समजावे.

त्या गृहस्थाने शेवटी काय केले? एकादशीच्या सकाळी त्याने बाटली न उघडता शेजाऱ्याला परत दिली. आईने नेहमीप्रमाणे गोग्रास काढला, तेव्हा त्याने तिला विचारले, "आई, यांचाही घास काढता येईल का?" ती म्हणाली, "घास काढायला कोण नको म्हणतं? पण तू सगळंच आपलं म्हणून बसलास, मग काढणार कशातून?" त्या दिवसापासून वाफ्याच्या कडेचे वांग्याचे एक रोप त्याने किडींचे म्हणून सोडून दिले. त्यामुळे बाकीच्या रोपांवरील अळ्या नाहीशा झाल्या असे मुळीच नाही. फाल्गुनात रोपे उपटली तोपर्यंत त्याला काही अळ्या माराव्या लागल्याच, आणि त्यात आपण काही पुण्य केले असे त्याने मानले नाही. परंतु जेवताना पहिला घास बाजूला ठेवण्याची जी रीत तो लहानपणापासून हाताने पाळीत आला होता, तिचा अर्थ त्याला त्या हिवाळ्यात प्रथम कळला.

स्वतःपुरते शिजवून खाणाऱ्याला गीतेने पापाचे अन्न खाणारा म्हटले आहे. हा शब्द कठोर वाटतो. पण ज्याने एकदा तरी आपल्या हाताने भाजी पिकविली आहे, त्याला तो कठोर वाटत नाही, यथार्थ वाटतो. कारण त्या एका जुडीमागे माती, पाऊस, गाईचे शेण, मधमाशी, पतंग आणि मेलेली अळी या सर्वांचे देणे उभे आहे, हे त्याने पाहिलेले असते. हे ऋण पूर्ण फिटणारे नाही. म्हणून वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी येत्या हंगामात चार हात जागेवर, नाहीतर चार कुंड्यांत हा आरंभ करावा. चारही गोष्टी पाहून करावा. आणि पहिली जुडी हाती येईल तेव्हा ती घरात नेण्याआधी तिच्यातील कोणाकोणाचा वाटा काढावयाचा आहे, याचा क्षणभर विचार करावा.